भंगारात न खपणारी चांदी

बेगम बाजार ही हैदराबादची घाऊक पेठ. सुका मेवा, भांडी, प्लास्टिक, मसाले, सगळं इथून पोत्यांनी जातं, आणि मागे राहतो तो कचराही तसाच भरघोस. पण त्यातले पुठ्ठे, पोती, बाटल्या, तारा फार वेळ पडून राहत नाहीत; भंगारात त्यांना भाव असल्यानं कचरावेचक ते उचलतात. उरतात सुपारीच्या पुड्यांची रिकामी पाकिटं, सिगारेटची थोटकं, चहाचे चुरगळलेले कागदी कप. कॅमेऱ्यासाठी खरा खजिना हाच!

असं एखादं पाकीट उलटून बघा. आत चांदीसारखी चमक असते. निर्वात यंत्रात ॲल्युमिनियमची वाफ करून ती प्लास्टिकच्या पापुद्र्यावर बसवतात. हा थर माणसाच्या केसापेक्षा हजारपटीनं पातळ असतो. धातू आणि प्लास्टिक सोडवणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही. पण पायाखाली चुरगळलं की त्याच थराचे शेकडो आरसे होतात, प्रत्येकाचा कोन वेगळा. एका घडीत आभाळाचा निळा, शेजारच्या घडीत दुकानाच्या पाटीचा लाल. फोन जमिनीला टेकवून, मॅक्रो लावून अगदी जवळून टिपलं की पाकिटाचं मोजमापच हरवतं, समोर डोंगररांग उभी राहते. ऊन मात्र तिरपं हवं. दुपारी डोक्यावर आलेलं ऊन घड्यांच्या सावल्या पुसून टाकतं.

कचऱ्याकडे कॅमेरा वळवणं काही नवं नाही. फॅशनच्या दुनियेत नाव कमावलेले छायाचित्रकार अर्व्हिंग पेन १९७२ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरच्या थोटकांकडे वळले. पांढऱ्या पार्श्वभूमीवर, एखाद्या मॉडेलइतक्याच निगुतीनं त्यांनी ती टिपली आणि प्लॅटिनमचा लेप हातानं दिलेल्या कागदावर छापली. नेहमीच्या छपाईत चांदीची प्रतिमा जिलेटिनच्या थरात बसते. प्लॅटिनमची थेट कागदाच्या तंतूंत मुरते, म्हणून करड्या रंगाच्या इतक्या नाजूक छटा उमटतात. १९७५ साली ही थोटकं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या भिंतीवर लागली.

आपल्याकडे कलाकार विवान सुंदरम यांनी दिल्लीत कचरावेचकांना सोबत घेऊन, स्टुडिओच्या फरशीवर कचऱ्याचं अख्खं शहर रचलं आणि त्याचे भलेथोरले फोटो काढले. 'ट्रॅश' नावाचं ते काम २००८ साली मुंबईतही दाखवलं गेलं. ब्राझीलचे कलाकार विक मुनीज यांनी त्याच सुमारास रिओजवळच्या जार्दिम ग्रामाशो कचराडेपोवर, वेचकांच्याच हातांनी, वेचकांचेच भव्य चेहरे कचऱ्यातून मांडून उंचावरून टिपले. विक्रीचा पैसा वेचकांच्या संघटनेला दिला. पेन यांची कारागिरी अजोड आहे, तरी मला मुनीज यांचं काम अधिक मोठं वाटतं. कचऱ्याशी ज्यांचा रोज संबंध येतो ती माणसं त्या चौकटीत आहेत.

बेगम बाजारात जायचं तर सकाळी लवकर, ऊन तिरपं असतानाच जा. लेन्स पुसून घ्या. समोर कुणी कचरा वेचत असेल, तर आधी विचारा, आणि काढलेला फोटो त्यांना तिथल्या तिथे दाखवा.