आधुनिक मोटारसायकलमधील विद्युत-संदेशन व शक्ती-नियंत्रण : दुरुस्तीच्या अध्यापकांसाठी काही विचार

सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून येऊन स्थायिक झालेली मराठी वस्ती मोठी आहे. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या मुलांसाठी यंत्रमागाव्यतिरिक्त जे हुन्नर उपलब्ध असतात, त्यांत दुचाकी दुरुस्ती हा एक. या हुन्नराचा पाया मात्र बदलला आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ हे प्रदूषणविषयक मानक लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींवरून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. कानाने आवाज ऐकून हवेचा स्क्रू फिरविणाऱ्या कारागिरापुढे फिरविण्यास स्क्रूच उरला नाही.

हा बदल एकाएकी आलेला नाही. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ साली पल्सर २२० मध्ये इंधन-फवारणीची पद्धत आणली होती. चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकच्या २०१७ सालच्या आवृत्तीत तर मुठीपासून इंजिनापर्यंत जाणारी थ्रॉटलची केबलही गेली. आपले अभ्यासक्रम मात्र बराच काळ कार्ब्युरेटरपाशीच थांबून राहिले, हे मान्य केले पाहिजे.

जुन्या गाडीत प्रत्येक बटणापासून प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र वायर जात असे. इंजिन, एबीएस ब्रेक आणि मीटर यांना स्वतंत्र नियंत्रक आले, तेव्हा प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडू गेल्यास वायरिंगचा जुडगाच झाला असता. जर्मनीच्या रॉबर्ट बॉश कंपनीने १९८३ पासून यावर काम करून १९८६ साली ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’ म्हणजेच ‘कॅन’ ही पद्धत जाहीर केली. ती मुळात मोटारगाड्यांसाठी होती. दुचाकीत ती पुढे आली.

यात एकमेकींना पीळ दिलेल्या दोनच वायरी असतात व सर्व नियंत्रक त्यांवर जोडलेले असतात. संदेश नसताना दोन्हींवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. ‘शून्य’ पाठवायचा असता एक वायर ३.५ कडे चढते, दुसरी १.५ कडे उतरते. ऐकणारा नियंत्रक केवळ दोहोंतील फरक मोजतो. स्पार्क प्लगमुळे उठणारा विद्युत गोंगाट दोन्ही वायरींवर सारखाच चढतो, म्हणून फरक तसाच राहतो. पीळ कशासाठी, याचे उत्तर येथे मिळते. वायर जोडताना तो पीळ उलगडून ठेवणाऱ्या विद्यार्थ्यास हे आवर्जून सांगावे.

दोन नियंत्रक एकाच वेळी बोलू लागले तर? वर्गात दोन मुलांनी एकदम उत्तर द्यावे, आणि ज्याचा हजेरी क्रमांक मोठा त्याने आपण होऊन गप्प बसावे, लहान क्रमांकाच्या मुलाचे वाक्य मात्र मध्ये न तुटता पूर्ण व्हावे, तसाच हा प्रकार आहे. प्रत्येक संदेशाच्या आरंभी त्याचा क्रमांक असतो आणि ‘शून्य’ हा ‘एक’वर मात करतो. आपण ‘एक’ पाठविला व वायरीवर ‘शून्य’ दिसला की तो नियंत्रक थांबतो व नंतर पुन्हा प्रयत्न करतो. तातडीच्या संदेशांना लहान क्रमांक देण्याचे कारण हेच. (आपल्या वर्गांत ही शिस्त इतकी सहज लागत नाही, हा भाग वेगळा.)

आता शक्ती-नियंत्रण. केबल नसलेल्या थ्रॉटलमध्ये मूठ ही केवळ मागणी नोंदविते. तिच्याशी दोन संवेदक असतात. दोघांचे सांगणे जुळले तरच इंजिनाचा नियंत्रक लहान मोटारीद्वारे हवेची झडप उघडतो. न जुळल्यास तो इंजिन कमी शक्तीवर आणून ठेवतो. मागचे चाक घसरत असल्याचे एबीएसकडून कळले, तर मूठ पूर्ण पिळलेली असूनही काही गाड्यांत शक्ती कमी केली जाते. ग्राहक म्हणतो, ‘गाडी उचलत नाही’. प्रत्यक्षात गाडी सांगितल्याप्रमाणेच वागत असते.

दिवे-हॉर्नच्या विजेचेही काही गाड्यांत असेच झाले आहे. बीएमडब्ल्यूच्या २००४ सालच्या आर १२०० जीएसमध्ये नेहमीचे फ्यूज नव्हते. नियंत्रक प्रत्येक शाखेचा प्रवाह मोजतो व तो मर्यादेबाहेर गेल्यास शाखा बंद करतो. आपल्याकडील सर्वसाधारण गाड्यांत फ्यूज व रिले अद्याप आहेत. तरीही जादा एलईडी दिवे बसविण्याची हौस सर्वत्र असल्याने सावधगिरी हवी. समजा, कोणी हाताला लागली ती वायर सोलून दिवा जोडला आणि ती कॅनची निघाली. मीटर बंद पडेल, इशाऱ्याचा दिवा लागेल, आणि निर्दोष मीटर बदलण्याचा खर्च ग्राहकाच्या माथी पडेल.

असा दोष शोधण्यास दर वेळी कंपनीचे महागडे यंत्र लागते, हा समज खरा नाही. कॅनच्या दोन्ही टोकांना सामान्यतः १२० ओहमचा एकेक रोधक असतो. बॅटरी सोडवून दोन वायरींमधील रोध साध्या मल्टिमीटरने मोजल्यास ६० ओहम यावा. १२० आल्यास एका बाजूचा रोधक वा वायर तुटलेली. शून्याजवळ आल्यास दोन्ही वायरी एकमेकींना चिकटलेल्या. गाडीगणिक रचना थोडी बदलते, म्हणून त्या गाडीची पुस्तिका जवळ असावी.

हा प्रयोग वर्गात गाडीशिवायही होतो. पीळ दिलेली दोन मीटर वायर व १२० ओहमचे दोन रोधक एवढे साहित्य पुरते. प्रथम ६० मोजून घ्यावे, मग विद्यार्थ्यांच्या नकळत एक रोधक काढून ठेवावा आणि मल्टिमीटर त्यांच्या हाती द्यावे.