रात्रीचे पाजणे दिवसाकडे कसे न्यावे

नवजात बालकास दिवस आणि रात्र हा भेद ठाऊक नसतो. गर्भात असताना आईच्या रक्तातील मेलॅटोनिन हे संप्रेरक त्याला मिळत असते. जन्मानंतर हा पुरवठा तुटतो आणि त्याच्या स्वतःच्या शरीरात निद्रा व जागृती यांची लय बसण्यास सुमारे २ ते ३ महिने लागतात. तोपर्यंत दर दोन-तीन तासांनी जागे होऊन दूध मागणे हा त्याचा स्वभावधर्म होय. त्यात हट्ट नसतो आणि आईला दूध कमी आहे असाही त्याचा अर्थ होत नाही. परंतु जिला पहाटे उठून घरकाम उरकावयाचे व कामावर जावयाचे असते, तिच्या प्रकृतीवर या जागरणाचा ताण पडतो. रात्रीचे पाजणे दिवसाकडे नेता येईल काय, आणि तसे केल्यास बालकाच्या वाट्याचे दूध घटणार नाही ना, असे दोन प्रश्न येथे उभे राहतात. त्यांचा विचार एकत्रच केला पाहिजे.

दूध कसे तयार होते

रायपूरच्या उत्तरेस उरला येथील औद्योगिक वसाहतीत लोखंड-पोलादाचे कारखाने पाळीमागून पाळी चालू असतात. तयार माल उचलला गेला नाही तर वखार भरते आणि उत्पादन आवरते घ्यावे लागते. स्तनांचे कार्यही काहीसे असेच चालते. भरलेल्या स्तनात दूध सावकाश तयार होते. रिकाम्या झालेल्या स्तनात ते वेगाने तयार होऊ लागते. बालक जितके पिते, तितके पुढे मिळते.

दुग्धनिर्मितीस आवश्यक असणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण रात्री अधिक असते. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत रात्रीचे पाजणे टाळू नये. पुढच्या कित्येक महिन्यांच्या दुधाचा पाया त्या काळात घातला जातो. दुसरी गोष्ट अशी की, सर्व स्त्रियांच्या स्तनांत एका वेळी सारखेच दूध साठत नाही. ज्या आईकडे थोडे साठते, तिचे मूल अधिक वेळा पिऊन आपली गरज भागविते. शेजारणीचे मूल रात्रभर झोपते म्हणून आपलेही झोपलेच पाहिजे, असा नियम त्यामुळे करता येत नाही.

निरीक्षणांतून काय आढळले

पश्चिम ऑस्ट्रेलियात १ ते ६ महिने वयाच्या ७१ बालकांचे प्रत्येक वेळचे दूध मोजण्यात आले. हे निरीक्षण २००६ साली प्रसिद्ध झाले. बालके २४ तासांत सरासरी ११ वेळा पीत होती आणि सरासरी ७८८ ग्रॅम दूध घेत होती. त्यांपैकी सुमारे एकपंचमांश दूध रात्री घेतले जात होते. एवढा वाटा दिवसात भरून न काढता रात्रीचे पाजणे बंद केले, तर मूल उपाशी राहील हे उघड आहे.

हा वाटा भरून निघू शकतो, असे अमेरिकेत पिनिया व बर्च या संशोधिकांनी १९९३ साली दाखविले. अंगावर पिणाऱ्या २६ प्रथमजात, निरोगी बालकांचे त्यांनी दोन गट केले. एका गटातील आईबापांनी रात्री १० ते १२ च्या दरम्यान मुलास एकदा पोटभर पाजावयाचे, मध्यरात्रीनंतरच्या दोन पाजण्यांतील अंतर हळूहळू वाढवावयाचे, आणि दिवस व रात्र यांतील फरक मुलास स्पष्ट जाणवू द्यावयाचा, असे ठरले होते. ८ आठवड्यांच्या वयात या गटातील सर्व बालके रात्री १२ ते पहाटे ५ पर्यंत झोपू लागली. दुसऱ्या गटात हे प्रमाण २३ टक्के होते. महत्त्वाची गोष्ट ही की, दोन्ही गटांच्या २४ तासांतील एकूण दुधात फरक पडला नाही. रात्री कमी प्यालेले दूध बालकांनी पहाटेच्या वेळी भरून काढले होते.

हा प्रयोग लहान होता, हे मात्र विसरता कामा नये. शिवाय पाजण्याची वेळ हलली म्हणजे जागणे थांबतेच असे नाही. इंग्लंड-वेल्समधील ६ ते १२ महिन्यांच्या बालकांविषयीच्या २०१५ सालच्या पाहणीत, दिवसा अधिक दूध वा आहार घेणारी मुले रात्री कमी वेळा पीत असल्याचे आढळले. जागी होण्याचे प्रमाण मात्र कमी झाले नव्हते.

प्रत्यक्ष कृती

आरंभ दिवसापासून करावा. दिवसा दर दोन-तीन तासांनी मुलास जवळ घ्यावे. चार-पाच महिन्यांचे मूल आवाज आणि हालचाल यांनी चटकन विचलित होते. त्यास शांत, अंधाऱ्या खोलीत पाजावे. आईने झोपण्यापूर्वी एकदा भरपूर पाजावे. रात्री दिवा मंद ठेवावा, बोलणे-खेळविणे टाळावे. मूल चाळवले की लगेच उचलू नये. ते पुन्हा झोपी जाते काय ते पाहावे. जागे झालेच तर वडिलांनी वा आजीने लंगोट बदलावा, थोपटावे, कडेवर घेऊन फिरवावे. भूक स्पष्ट दिसल्यास मात्र पाजलेच पाहिजे.

एका वेळी एकच पाजणे कमी करावे आणि ते स्थिरावण्यास काही दिवस द्यावेत. स्तन ताठरल्यास आराम पडेल इतकेच दूध हाताने काढावे. गाठ, लाली किंवा ताप आल्यास हा क्रम थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. रायपूरच्या उन्हाळ्यातही ६ महिन्यांपर्यंत मुलास पाणी देण्याचे कारण नसते. अधिक वेळा पाजणे पुरेसे होते.

आई कामावर असेल तर

दिवसा आई जवळ नसली की मूल आपला वाटा रात्री वसूल करते. अशा घरात दिवसाची सोय लावल्यावाचून रात्रीचे दूध तोडणे अन्यायाचे ठरेल. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या आया मूल दिवसभर निजून राहावे म्हणून त्यास अफूची बाळगोळी देत. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या डॉ. बार्न्स यांच्या पाहणीत ही प्रथा जवळजवळ सार्वत्रिक असल्याचे दिसून आले. १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूतिसाहाय्याचा कायदा झाला, १९६१ साली तो देशभर आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा, आणि ५० वा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर व तेथे दिवसातून ४ वेळा जाण्याची मुभा मिळाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. कंत्राटी मजुरीवरील स्त्रीच्या हाती त्या सहज पडत नाहीत. म्हणून त्यांची माहिती तिला असणे अधिकच अगत्याचे आहे.

कामावर जाण्यापूर्वी व परतताच पाजावे. मधल्या वेळेसाठी दूध स्वच्छ भांड्यात काढून थंड जागी, उन्हाळ्यात शीतपेटीत ठेवावे आणि वाटी-चमच्याने पाजावे. बाटली टाळावी. बोंडल्याचा उपयोग केल्यास ते उकळून घ्यावे.

कोणी घाई करू नये

दिवस पुरे भरण्यापूर्वी जन्मलेले, कमी वजनाचे, आजारी वा वजन न वाढणारे मूल असल्यास रात्रीचे पाजणे कमी करू नये. २४ तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी होणे, ही दूध अपुरे पडत असल्याची खूण समजावी. छत्तीसगडमध्ये २००२ पासून वस्त्यावस्त्यांतून काम करीत असलेल्या मितानिन कार्यकर्तीकडून वा अंगणवाडीत मुलाचे वजन करवून घ्यावे.

आणखी एक परिणाम ध्यानी ठेवला पाहिजे. मूल ६ महिन्यांच्या आतील असेल, केवळ अंगावर पीत असेल आणि आईची पाळी सुरू झाली नसेल, तर स्तनपानाने गर्भधारणेपासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. त्यासाठी दोन पाजण्यांतील अंतर दिवसा ४ तासांहून व रात्री ६ तासांहून अधिक होता कामा नये. रात्रीचे अंतर वाढले की या संरक्षणाचा भरवसा राहत नाही. तेव्हा दुसऱ्या उपायाची योजना आधीच करावी.

तात्पर्य, रात्रीचे दूध नाहीसे करता येत नाही. दिवसात त्याला जागा करून दिली, तरच ते तेथे जाते. ती जागा करून देणे हे एकट्या आईच्या हातचे नाही. घरातील माणसे आणि जेथे ती काम करते ते ठिकाण, या दोघांचाही त्यात वाटा आहे.