आत्याच्या खुर्चीचं कुलूप

झाशीच्या ज्या गणेश मंदिरात मनूचं लग्न लागलं आणि ती लक्ष्मीबाई झाली, तिथून थोड्या अंतरावर आमच्या आत्याचं घर आहे. घरात मराठी, उंबऱ्यापलीकडे हिंदी, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं घर. पक्षाघातानंतर आत्या विजेच्या खुर्चीत बसू लागली आणि त्या उंबऱ्यावर लोखंडी पत्र्याचा उतार आला. तिचा डावा हात तेवढा चालतो, तोही थरथरतो. सुरुवातीला उतारावर खुर्ची हिसक्यानं वळायची आणि आत्या डोळे गच्च मिटून घ्यायची.

खुर्ची बिघडलेली नव्हती. वळणाचा वेग आणि हाताची थरथर गाळण्याचं प्रमाण हे दोन आकडे तिच्या हाताशी जुळत नव्हते, एवढंच. ते बदलायला विक्रेत्याचा माणूस, त्याचा लॅपटॉप आणि एक डोंगल लागणार होतं. तो तीन आठवड्यांनी आला. काम पंधरा मिनिटांत उरकलं. ते तीन आठवडे आत्या घराबाहेर पडली नाही, आणि मी कंट्रोलर म्हणजे काय ते शिकत बसलो.

दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी कॅनडात जॉर्ज क्लाइन यांनी विजेची खुर्ची घडवली. १९५६पासून अमेरिकेची एव्हरेस्ट अँड जेनिंग्ज कंपनी अशा खुर्च्या मोठ्या प्रमाणावर बनवू लागली. आजच्या बहुतेक खुर्च्यांत बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि दोन मोटारी असतात. सुकाणू नसतंच, एक चाक जोरात आणि दुसरं हळू फिरलं की खुर्ची वळते. कोणत्या मोटारीला किती वीज द्यायची, हे कंट्रोलर सेकंदाला अनेकदा ठरवतो. चांगल्या जॉयस्टिकमध्ये प्रत्येक दिशेसाठी संवेदकांची जोडी असते. दोघांची साक्ष जुळली नाही की खुर्ची थांबते. ब्रेकची रचना तर मला फार आवडली. वीज असते तोवर ते उघडे राहतात, वीज गेली की आपोआप आवळतात. उतारावर बसलेल्या माणसाचा ज्यांनी विचार केला, त्यांचं हे काम आहे.

मग आकड्यांना कुलूप का? त्याला कारण आहे. मोटारीच्या गुंडाळीचा विद्युत रोध मिलिओहममध्ये कंट्रोलरला सांगावा लागतो, म्हणजे चढावर वेग पडत नाही. तो आकडा प्रमाणाबाहेर वाढवला तर खुर्ची धक्के देऊ लागते, ताबा सुटू शकतो. असे आकडे जाणत्याच्याच हाती असावेत, हे मला पटतं. पण वळणाचा वेग कमी करणं त्यात बसत नाही.

शिवाय हे कुलूप जिथं हवं तिथं नाही. अनेक खुर्च्यांत जॉयस्टिक आणि मोटारींचा भाग यांच्यातलं बोलणं कॅन बसवरून चालतं. ही पद्धत बॉश कंपनीनं १९८६ साली मोटारगाड्यांसाठी आणली. तिच्यात संदेशाला क्रमांक असतो, पाठवणाऱ्याची ओळख नसते. आर-नेट नावाच्या प्रचलित प्रणालीच्या केबलला हौशी मंडळींनी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक जोडला, जॉयस्टिकसारखेच संदेश पाठवले आणि खुर्ची चालवून दाखवली. तिथं निदान केबलला हात लावावा लागतो. ब्लूटूथ आलं आणि तीही गरज संपली. २०२५च्या अखेरीस अमेरिकेच्या सायबरसुरक्षा संस्थेनं जपानी व्हिल कंपनीच्या दोन खुर्च्यांबद्दल इशारा दिला: ब्लूटूथच्या टप्प्यातला कुणीही ओळख न पटवता जोडून घेऊन खुर्ची चालवू शकत होता. धोक्याचे गुण दहापैकी ९.८.

छोट्या कंट्रोलरला पूर्वी ऑपरेटिंग सिस्टिम लागायचीच असं नाही. एकच प्रोग्रॅम गोल गोल फिरत राहायचा. फोनशी, इंटरनेटशी बोलायचं म्हटलं की दुसऱ्यांनी लिहिलेला पुष्कळ कोड आत येतो. व्हीएक्सवर्क्स ही उपकरणांमधली नावाजलेली ऑपरेटिंग सिस्टिम, पण २०१९मध्ये तिच्या नेटवर्कच्या भागात अकरा भोकं सापडली. याउलट ऑस्ट्रेलियात २००९ साली एसईएल-फोर या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या सुमारे ८,७०० ओळी गणिती सिद्धतेनं तपासून दाखवल्या. खुर्चीतलं ब्रेकचं आणि ब्लूटूथचं काम अशा गाभ्यावर वेगळं ठेवता येईल. माझ्या मते ते ठेवलंच पाहिजे.

राहिलं आकड्यांचं कुलूप. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यानं २०२२ साली विजेच्या खुर्च्यांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. सुटे भाग, माहितीपुस्तकं आणि आतलं सॉफ्टवेअर कंपनीनं मालकाला किंवा स्वतंत्र कारागिराला उपलब्ध करून द्यायचं, असं त्यात आहे. आपल्याकडे १९७२ साली स्थापन झालेली कानपूरची अ‍ॅलिम्को बॅटरीवरच्या तीनचाकी बनवते, ती झाशीहून फार लांब नाही. पण तीनचाकीला हँडल धरणारे हात लागतात. आत्याला जॉयस्टिकवाचून गत्यंतर नाही.

डोंगलवाला आला त्या दिवशी त्याच्या पडद्यावरचे सगळे आकडे मी वहीत उतरवून घेतले, आधीचे आणि नंतरचेही. आत्याच्या शेजारी उभं राहून त्यानं वळणाचा आकडा तीनदा कमी केला, दर वेळी तिला उतारावरून खाली पाठवलं. तिसऱ्या खेपेला ती परतलीच नाही. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन, भाजीवाल्याशी बोलून आली.

वही आता देवघराच्या फडताळात, पंचांगाखाली असते.