समुद्राच्या पोटात उलटी आली तर...

दिवाळीची किंवा नाताळची सुटी लागली की माजिवडा नाक्यावरून रात्रीच्या वेळी कोकणाकडे निघणाऱ्या मोटारींची संख्या वाढते. जांभळी नाक्यावरची पेढी बंद करून घरी यायचे, घाईने सामान भरायचे आणि सुमारे पाचशे किलोमीटरचा प्रवास रातोरात करून सकाळी मालवण गाठायचे, असा अनेक व्यापारी कुटुंबांचा बेत असतो. अंगात जागरण, घाटातील वळणांनी ढवळलेले पोट, आणि मनात मात्र एकच उत्सुकता : स्कूबा डायव्हिंग.

सिंधुदुर्ग किल्ल्याची उभारणी शिवछत्रपतींनी १६६४ साली आरंभली. त्याच किल्ल्याच्या सान्निध्यात आज हौशी पर्यटक पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पाण्याखालील सृष्टी पाहतात. या परिसरातील सागरी जीवसृष्टीला १९८७ साली अभयारण्याचे संरक्षण मिळाले. प्रवाळ आणि रंगीबेरंगी मासे डोळ्यांनी पाहणे हा विलक्षण अनुभव आहे, यात शंका नाही. परंतु या आनंदात अनेकांना एक अडचण गाठते आणि तिच्याविषयी आधी कोणी बोलत नाही. ती म्हणजे मळमळ, आणि प्रसंगी पाण्याखाली होणारी उलटी.

मळमळ का होते?

नांगरलेली छोटी होडी लाटांवर सतत डोलत असते. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय मेंदूला ‘शरीर हलत आहे’ असे कळवते, तर होडीतील बाकाकडे किंवा मोबाइलकडे लागलेले डोळे ‘सर्व स्थिर आहे’ असे सांगतात. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि त्यातून मळमळ उद्भवते. इंजिनाचा धूर, ऊन आणि अपुरी झोप यांमुळे ती बळावते.

पाण्यात उतरल्यावरही काही कारणे संभवतात. लाटांचा झोका उथळ पाण्यात तळापर्यंत जाणवतो. दोन्ही कानांतील दाब एकाच वेळी समान झाला नाही, तर चक्कर येऊन पोट ढवळते. भीतीपोटी हवा आणि खारे पाणी गिळले जाते, तेही पोटाला सोसत नाही.

याची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही. आयुष्य समुद्रावर घालवणारा ब्रिटिश नौसेनानी नेल्सन यालाही समुद्र लागत असे. मळमळीसाठी असलेला ‘नॉशिया’ हा इंग्रजी शब्दच मुळी जहाजवाचक ग्रीक शब्दापासून आला आहे.

खरा धोका कोणता?

पाण्याखाली उलटी होणे हे स्वतः प्राणघातक नाही. त्या क्षणी घाबरून केलेल्या दोन चुका मात्र घातक ठरू शकतात.

पहिली चूक म्हणजे तोंडातील रेग्युलेटर काढून टाकणे. जमिनीवर उलटी येताना तोंड मोकळे करण्याची सवय असते, म्हणून हात आपोआप तोंडाकडे जातो. पण उलटीच्या उबळीनंतर शरीर आपल्या इच्छेविना जोराने श्वास आत ओढते. त्या वेळी तोंडात रेग्युलेटर नसेल, तर हवेऐवजी समुद्राचे पाणी श्वासनलिकेत जाते. म्हणून नवख्याने रेग्युलेटर एका हाताने तोंडाशी घट्ट धरावा आणि त्यातूनच उलटी करावी. उच्छ्वास बाहेर सोडणारी त्याची झडप पातळ पदार्थही बाहेर जाऊ देते. उबळींच्या मधल्या वेळात समोरचे बटण दाबले की हवेच्या झोताने आतील भाग साफ होतो. नंतरचा पहिला श्वास सावकाश घ्यावा. रेग्युलेटर तुंबलाच, तर सोबतचा मार्गदर्शक आपल्याजवळचा दुसरा रेग्युलेटर देतो. तो कोठे असतो, हे उतरण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

दुसरी चूक म्हणजे श्वास रोखून वर झेपावणे. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे फुप्फुसात भरलेली हवा वर येताना दुप्पट जागा मागते. श्वास कोंडून धरल्यास फुप्फुसाला इजा होते, आणि त्यासाठी फार खोली लागते असेही नाही. म्हणून उलटी थांबल्यावर मार्गदर्शकासह, सतत श्वासोच्छ्वास करीत, हळूहळू वर यावे.

खुणांची भाषाही आधी शिकून घ्यावी. पंजा आडवा धरून हलवणे म्हणजे ‘काहीतरी बिघडले आहे’. त्यापाठोपाठ पोटाकडे बोट दाखवावे. आपल्याकडे अंगठा वर करणे म्हणजे ‘छान’, पण पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर जायचे आहे’ असा होतो.

पूर्वतयारी

प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी, पुरेशी झोप झाल्यावरच पाण्यात उतरावे. तळलेले, मसालेदार पदार्थ टाळून दीड-दोन तास आधी साधा खाखरा किंवा केळे असा हलका आहार घ्यावा. नवकारशी पाळणाऱ्यांनी पहाटेची फेरी न घेता उशिराची घ्यावी, कारण तुडुंब पोटाप्रमाणे रिकामे पोटही मळमळ वाढवते. उपवासाच्या दिवशी शरीरातील पाणी कमी झालेले असते, तेव्हा हा बेत नकोच. सुंठीचा तुकडा चघळण्याचा काहींना उपयोग होतो, पण तो हमखास उपाय नव्हे. ॲव्होमिनसारख्या गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत. दमा, हृदयविकार, रक्तदाब किंवा साधी सर्दी असली तरी ती अर्जात लपवू नये.

होडीत इंजिनापासून दूर बसावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी. ज्यांना अधिक आत्मविश्वास हवा, त्यांनी आधी तलावात सराव करावा. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या तारकर्ली येथील प्रशिक्षण संस्थेत त्यासाठी तलाव आहे.

नकाराचा मान

एवढी तयारी करूनही होडीतच जीव घाबरा झाला तर काय करावे? येथे व्यापारी घरांतील एक सवय आड येते. ‘पैसे भरले आहेत, आता उतरलेच पाहिजे’, असे वडीलधारे सहज बोलून जातात. मूल मळमळ लपवते, सासरच्या मंडळींसमोर नवी सून गप्प राहते, आणि जे होडीत सांगता आले असते ते पाण्याखाली घडते. वास्तविक भरलेले शुल्क हा झालेला खर्च आहे. त्याच्या वसुलीसाठी नवी जोखीम पत्करणे कोणत्याही पेढीवर शहाणपणाचे मानले जात नाही, मग घरच्या माणसाच्या बाबतीत ते का मानावे?

होडीत बसल्यावर कुटुंबप्रमुखाने प्रत्येकाला एकदा विचारावे, “बरे वाटते आहे ना?” उत्तर नकारार्थी आले, तर कोणी हसू नये आणि कोणी आग्रह करू नये. मासे पुढच्या वर्षीही तेथेच असतील.