औषध थोडें, रोगी फार

मी वैद्य नव्हे कीं डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि छत्तीस वर्षें मुलांना गणित व भूगोल शिकवून निवृत्त झालेला एक शाळामास्तर आहें. तेव्हां वैद्यकासारख्या विषयावर मीं बोलावें हें आपणांस थोडें धारिष्ट्याचें वाटेल. पण आज मला जें सांगावयाचें आहे त्यांत वैद्यकापेक्षां भागाकारच अधिक आहे. खाटा थोड्या आणि रोगी फार, औषध थोडें आणि मागणारे फार, अशा वेळीं भाग कसा करावयाचा, हा तो प्रश्न. उदाहरणासाठीं मीं क्षयरोग घेतला आहे.

हा प्रश्न आमच्या घरीं माझ्या जन्मापूर्वींच येऊन गेला होता. माझी थोरली आत्या १९५४ सालीं क्षयानें आजारी पडली. आजोबांनीं एका आरोग्यधामाकडे अर्ज केला. उत्तर आलें कीं, नांव यादींत घातलें आहे, खाट रिकामी होतांच कळवूं. स्ट्रेप्टोमायसिनचीं इंजेक्शनें तेव्हां निघालीं होतीं. पण आमच्या तालुक्याच्या गांवीं तीं नेमानें मिळत नसत, आणि मिळत तेव्हां परवडत नसत. मग गांवच्या वैद्यबुवांची सुवर्णमालिनी वसंताची मात्रा सुरू झाली. तिच्याबरोबर दूध, तूप व मुगाचें वरण पोटभर घेण्याविषयीं त्यांची सक्त ताकीद होती. मात्रा घरांत आली. दूध-तूप मात्र आठ मोठ्या माणसांच्या घरांत एकटीला कोठून मिळणार? प्रवेशाचें पत्र आलें, तें तिच्या तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशीं. वडिलांनीं तें शेवटपर्यंत ट्रंकेंत जपून ठेविलें होतें.

त्या काळचा हिशेब पाहा. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९४६ सालीं आपला अहवाल दिला. तींत हिंदुस्थानांतील क्षयाचे रोगी सुमारें २५ लक्ष, दरसालचे मृत्यू सुमारें ५ लक्ष आणि क्षयरोग्यांसाठीं खाटा सुमारें ६,००० असा अंदाज होता. एका खाटेमागें चारशेंहून अधिक रोगी झाले. मग ती एक खाट कोणाला मिळे? कोठें रांगेनें, कोठें पैशानें, कोठें ओळखीनें. वांटप होतच होतें. फक्त तें कोणत्या नियमानें होतें, हें कोणी मोठ्यानें बोलत नसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडावरहि हीच पाळी आली. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ सालीं अमेरिकेंत सांपडलें. तें विकत घ्यावयास डॉलर लागत आणि युद्धानें खंगलेल्या इंग्लंडापाशीं डॉलरांचा तुटवडा. जें थोडें औषध हातीं आलें, तें मेंदूच्या आवरणाचा क्षय झालेल्या व ज्यांचें मरण ठरलेलेंच अशा रोग्यांना आधीं देण्याचें तेथील वैद्यकीय संशोधन मंडळानें ठरविलें. उरलेलें फुप्फुसाच्या क्षयासाठीं ठेविलें, पण तें सर्वांना पुरणें शक्य नव्हतें. तेव्हां ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञानें बंद लिफाफ्यांतील चिठ्ठ्यांची योजना केली. १०७ रोगी घेतले. चिठ्ठीप्रमाणें ५५ जणांना औषध व विश्रांति, आणि ५२ जणांना नुसती विश्रांति मिळाली. सहा महिन्यांत पहिल्यांपैकीं ४ आणि दुसऱ्यांपैकीं १४ दगावले. हा निकाल १९४८ सालीं प्रसिद्ध झाला.

त्या ५२ जणांवर अन्याय झाला काय? औषध सर्वांना पुरण्याजोगें असतें तर प्रश्न वेगळा होता. तें पुरणारें नव्हतेंच; मग चिठ्ठीनें दिलें तर निदान तोंड पाहून दिलें नाहीं, आणि शिवाय औषधाचा गुण किती तोहि कळला. त्याच १९४८ सालीं जॉर्ज ऑर्वेल हा नामांकित लेखक स्कॉटलंडांतील एका रुग्णालयांत क्षयानें पडला होता. मित्राच्या खटपटीनें आणि आरोग्यमंत्री बेव्हन यांच्या संमतीनें त्याच्यासाठीं अमेरिकेहून औषध आलें. तें त्याला सोसलें नाहीं. तोंडांत फोड आले, केस गळूं लागले, उपचार थांबवावे लागले. १९५० च्या जानेवारींत तो वारला. मीं त्याला दोष देत नाहीं. आमच्या आजोबांची तशी ओळख असती तर त्यांनींहि तेंच केलें असतें.

चिठ्ठीचा दुसरा उपयोग मला पहिल्याहून मोठा वाटतो. आमच्या वैद्यबुवांच्या मात्रेंत सोनें होतें म्हणून शहरांतले लोक हसतील. पण पाश्चात्य डॉक्टरांनींहि १९२४ पासून सोन्याच्या क्षाराचीं इंजेक्शनें क्षयावर मोठ्या विश्वासानें दिलीं. अमेरिकेंत डेट्रॉइटजवळ २४ रोग्यांचे दोन सारखे गट केले, सोनें कोणत्या गटाला द्यावयाचें तें नाणें उडवून ठरविलें, आणि १९३१ सालीं निकाल जाहीर झाला: फायदा नाहीं, अपाय मात्र आहे. डॉक्टरी औषध म्हणून तें तरलें नाहीं. उद्यां कोणी वैद्य म्हणेल कीं आमची मात्रा निराळी आहे, तर त्यानेंहि त्याच चिठ्ठीला सामोरें जावें, इतकेंच म्हणणें आहे.

आतां आरोग्यधामाकडे येऊं. शुद्ध हवा, संपूर्ण विश्रांति, सकस आहार आणि घरच्यांपासून दूर राहणें, ही त्या काळची सर्वमान्य चिकित्सा. घरीं राहून बरें होऊं पाहणें हा नाइलाजाचा मार्ग समजला जाई. तो खरोखरच हीन आहे काय, हें पाहण्याचें काम १९५६ सालीं मद्रासेंत, म्हणजे आतांच्या चेन्नईंत, सुरू झालें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि इंग्लंडांतील तें मंडळ यांनीं मिळून तेथें केंद्र काढलें. वॉलेस फॉक्स हे त्याचे पहिले प्रमुख. शहरांतील गरीब वस्त्यांतले १९३ रोगी घेतले. चिठ्ठीनें कांहीं आरोग्यधामांत गेले, कांहीं आपल्या खोपटांतच राहिले. दोघांनाहि एक वर्षभर आयसोनियाझिड आणि पॅस हीं दोन औषधें दिलीं. घरीं राहणारे आठवड्यास एकदां केंद्रावर येऊन औषध नेत. मधूनच कोणी घरीं जाऊन गोळ्या मोजी आणि लघवी तपासून औषध पोटांत गेलें कीं नाहीं तें पाही.

घरीं राहिलेल्यांचें जेवण हलकें होतें, खोल्या गर्दीच्या होत्या, कित्येक कामालाहि जात. तरी वर्षाच्या शेवटीं आरोग्यधामांतील शेंकडा ९२ आणि घरचे शेंकडा ८६ जणांचा रोग शमलेला आढळला. हा निकाल १९५९ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें पांच वर्षें घरच्या मंडळींवर लक्ष ठेविलें, तेव्हां रोगी घरीं राहिल्यामुळें त्यांना अधिक लागण झाली असेंहि दिसलें नाहीं. कारण उघड आहे. योग्य औषध सुरू होतांच थुंकींतील जंतु झपाट्यानें घटतात. घरच्यांना जी लागण व्हावयाची ती बहुधा निदानापूर्वींच होऊन गेलेली असते.

दोन औषधें कां, हेंहि सांगतों. रोग्याच्या फुप्फुसांत जंतु कोट्यवधि असतात, आणि त्यांत एखाद्या औषधाला मुळींच दाद न देणारे थोडेसे असतातच. एकच औषध दिलें तर बाकीचे मरून हेच फोफावतात. दुसरें औषध त्यांचा समाचार घेतें. म्हणून बरें वाटूं लागतांच गोळ्या सोडून काढे सुरू करणारा माणूस स्वतःचें नुकसान तर करतोच, पण दाद न देणारे जंतु शेजाऱ्यालाहि देतो. वैद्याचें औषध घ्यावयाचें असेल तर डॉक्टरांना सांगून घ्यावें. तें गोळ्यांच्या जागीं नको.

मद्रासच्या निकालानें भागाकारच बदलला. ज्या खाटेसाठीं चारशें माणसें झुरत होतीं, ती बहुतेकांना लागतच नव्हती. लागत होत्या त्या नेमानें दिलेल्या गोळ्या. १९६२ सालीं आपल्या देशाचा क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला तो याच घरच्या उपचारावर. आमच्या आत्यालाहि खाटेची वाट पाहण्याची गरज नव्हती, हें वडिलांना फार उशिरां कळलें. तें ऐकून ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

वांटपाचा प्रश्न मात्र संपला नाहीं. बेडाक्विलीन हें नवें औषध २०१६ सालीं आपल्याकडे आलें तें पांच शहरांतील सहाच केंद्रांत. मुंबई त्यांपैकीं एक. जंतु त्यालाहि निर्ढावूं नयेत म्हणून हा आवर होता, आणि तें कारण खोटें नव्हतें. पण २०१७ सालीं एका पित्याला मुलीसाठीं दिल्लीच्या उच्च न्यायालयांत जावें लागलें, कारण ती त्या शहरची रहिवासी नव्हती. औषध तिला मिळालें. रोग्याचा पत्ता पाहून औषध देणें हा नियम मला तरी पटत नाहीं.

राहिला वैद्यबुवांचा आहार. मद्रासच्या निकालावरून आहाराचें कांहीं नाहीं असें कोणी म्हणेल, पण तेथें प्रश्न रोगी बरा होण्याचा होता. घरांतल्या दुसऱ्यांना रोग होऊं नये, हा प्रश्न निराळा. तो झारखंडांत २०१९ ते २०२२ या काळांत तपासला. २,८०० रोगी आणि त्यांच्या घरचीं १०,३४५ माणसें. रोग्याला दरमहा १० किलो शिधा सर्वच घरांत दिला. पण चिठ्ठीनें निवडलेल्या भागांत घरच्या प्रत्येक मोठ्या माणसामागें ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्याहि दिल्या. त्या घरांत नवा क्षय शेंकडा ३९ नें कमी झाला. हा निकाल २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. सरकार क्षयरोग्याला आहारासाठीं २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देत असे, ते २०२४ च्या नोव्हेंबरपासून १,००० झाले आहेत. पण ते रोग्यापुरतेच.

आमच्या आठ माणसांच्या घराचा हिशेब मीं परवां पाटीवर मांडून पाहिला. सात जणांचे तांदूळ ३५ किलो, डाळ साडेदहा किलो, आणि आत्याचा शिधा १० किलो. एकूण साडेपंचावन्न किलो दरमहा.