पेशीवरची साखर : साक्षीदार की साथीदार?

पेशीच्या पृष्ठभागावरील शर्करा-साखळ्यांचा कर्करोगाशी संबंध असावा, हे लक्षात आले ते जवळजवळ अपघातानेच. १९६३ साली जोसेफ ऑब यांनी गव्हाच्या अंकुरातले लायपेज हे विकर पेशींवर वापरून पाहिले. अर्बुदाच्या पेशींच्या गुठळ्या झाल्या, निरोगी पेशी बहुतेक सुट्याच राहिल्या. उष्णतेने विकर निकामी केले तरी गुठळ्या होतच होत्या. खरे काम करत होते ते त्या अर्कात मिसळलेले, शर्करेला चिकटणारे दुसरेच प्रथिन. पुढे स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी ‘सीए १९-९’ ही रक्तचाचणी रूढ झाली. तीही एका शर्करेचाच शोध घेते. त्यामुळे समज असा रुजला की ही साखर रोगाची नुसती खूण, मूळ दोष जनुकांत.

या समजात तथ्य आहेच. जनुके बिघडली की साखळ्या बांधणारी विकरे बदलतात. पण परिणाम म्हणून आलेली गोष्ट पुढे स्वतःच कारण होऊ शकत नाही, असे थोडेच आहे? २००० साली एमगॅट५ हे साखळ्यांना फाटे फोडणाऱ्या विकराचे जनुक नसलेल्या उंदरांत स्तनाची अर्बुदे सावकाश वाढली आणि कमी पसरली. कर्करोग घडवणारे जनुक मात्र त्यांच्यात शाबूत होते. मला त्याहून निर्णायक वाटतो तो एमआयटीतील राम शशिशेखरन यांच्या गटाचा २००२ चा प्रयोग. पेशीवरील हेपरान सल्फेटची साखळी त्यांनी हेपरिनेज प्रकारच्या दोन वेगवेगळ्या विकरांनी कापली. एकाने निघालेल्या तुकड्यांनी उंदरांतील मेलानोमाची, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाची, वाढ रोखली, दुसऱ्याच्या तुकड्यांनी ती वाढवली. साखळी तीच, फरक फक्त काप कुठे बसला याचा. नुसत्या खुणेकडून असे उलटसुलट परिणाम होत नाहीत. मेलानोमाच्या पेशी फुप्फुसातच का रुजतात, याचा माग घेताना खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातील संशोधकांनाही पेशीवरच्या लांब साखळ्या आणि फुप्फुसातील रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर त्यांना धरून ठेवणारी प्रथिने अशी जोडी सापडली.

मग या साखरेवर नेम धरणारे उपचार का फसले? स्तनाच्या कर्करोगातील एका शर्करेविरुद्धची ‘थेराटोप’ लस हजारावर स्त्रियांना घेऊन झालेल्या चाचणीत २००३ मध्ये अपयशी ठरली. पण त्यातून सिद्ध झाले ते त्या लसीचे दुबळेपण. साखर निर्दोष ठरली नाही. उलट, मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगावर २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले डिनुटक्सिमॅब हे औषध जीडी२ या शर्करायुक्त मेदावरच नेम धरते. अर्थात, त्याच्या यशाने जीडी२ अर्बुद वाढवते असे ठरत नाही. तिथे ते निशाण म्हणूनच उपयोगी पडले आहे. आणि जीडी२ निरोगी चेतातंतूंवरही असते, म्हणून औषध सुरू असताना मुलांना तीव्र वेदना होतात आणि सोबत वेदनाशामक द्यावेच लागते.