व्हिडिओ अडखळतोय? आधी मूळ प्रत सांभाळा

गेल्या ईदला आमच्या आपा मुलाबाळांसह घरी आल्या होत्या. जेवणं झाल्यावर त्यांच्या निकाहचा व्हिडिओ बघायचं ठरलं. निकाह १९९६ सालचा. तेव्हा व्हीएचएस कॅसेटवर चित्रण झालं होतं, पुढे त्याची डीव्हीडी करून घेतली होती. घरात आता डीव्हीडी प्लेयर राहिलेला नाही, म्हणून आमच्या मुलाने लॅपटॉपवर त्याची एमपी४ फाईल करून पेन ड्राइव्हवर घेतली होती.

व्हिडिओ सुरू झाला, पण चित्र झटके खात होतं. मरहूम अम्मी आपांच्या डोक्यावर हात ठेवून दुवा देतात, नेमकं तिथे चित्र थिजलं आणि आवाज पुढे निघून गेला. आपांच्या धाकट्या मुलीने नानीला कधी पाहिलेलं नाही. तिला दिसली ती अर्धवट हललेली नानी. आपा काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला.

कुणी म्हणालं टीव्ही खराब, कुणी म्हणालं डीव्हीडीच गेली. मुलगा म्हणाला, "अब्बा, ती डीव्हीडी टाकून देऊ या का? फाईल तर आहेच." आम्ही त्याला थांबवलं. ते थांबवणं किती गरजेचं होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. बऱ्याच घरांत असे व्हिडिओ असतात, म्हणून आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, दोष कुठे आहे हे आधी ठरवावं. आम्ही पेन ड्राइव्हवरची फाईल लॅपटॉपमध्ये उतरवून घेतली आणि व्हीएलसी या मोफत प्लेयरवर लावली. अशा वेळी चित्र नीट चाललं, तर दोष पेन ड्राइव्हचा किंवा टीव्हीचा असू शकतो. आमचं चित्र इथेही अडखळलं. मग शेजाऱ्यांकडून डीव्हीडी ड्राइव्ह आणून मूळ डीव्हीडी लावली. ती सुरेख चालली! म्हणजे अम्मींचं चित्र शाबूत होतं, बिघाड रूपांतरात झाला होता.

दुसरी गोष्ट, फाईलच्या आत काय आहे ते बघावं. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही डब्यांची नावं आहेत. डब्यात चित्र कोणत्या पद्धतीने भरलं आहे, त्याला कोडेक म्हणतात. डबा तोच असला तरी आतला माल वेगळा असू शकतो, म्हणून एक एमपी४ टीव्हीवर चालते आणि दुसरी चालत नाही. व्हीएलसीच्या 'टूल्स' मेनूत 'कोडेक इन्फॉर्मेशन' उघडलं की हे सारं दिसतं. त्यातच 'स्टॅटिस्टिक्स'मध्ये गळालेल्या फ्रेम मोजलेल्या असतात. आमच्या फाईलचा तो आकडा भराभर वाढत होता. आमचा जुना लॅपटॉप त्या फाईलच्या वेगाला पुरत नव्हता.

त्याचं कारणही तिथेच सापडलं. मुलाने चांगल्या हेतूने फाईल ४के केली होती. डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, ४केचं ३८४० बाय २१६०. हिशेब केला तर बरोबर वीसपट. पण कॅसेटवर जे टिपलंच गेलं नाही, ते आकार वाढवून येत नाही. वाढतो तो फक्त भार. शिवाय कोडेक एचईव्हीसी निवडला होता. तो जागा कमी घेतो, पण जुन्या यंत्रांना उलगडायला जड जातो.

गंमत म्हणजे, हीच फाईल मुलाच्या नव्या फोनवर थांबत नव्हती, तरी कॅमेरा फिरला की बारीक हिसका बसायचा. हा दुसरा दोष होता. आपल्याकडच्या जुन्या कॅसेट आणि डीव्हीडी सेकंदाला २५ फ्रेमच्या असतात. रूपांतरात ३० निवडलं, की दर पाच फ्रेममागे एक फ्रेम दोनदा दाखवली जाते, तोच हा हिसका. आणि हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसत होत्या. जुन्या चित्रणात प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत टिपलेलं असतं. ते भाग नीट जुळवले नाहीत, तर अशा रेघा उरतात.

दुरुस्ती करताना आम्ही बिघडलेल्या फाईलला हात लावला नाही. गळालेला तपशील आणि वाढलेले हिसके तिच्यातून परत काढता येत नाहीत. पुन्हा मूळ डीव्हीडीपासून सुरुवात केली. हँडब्रेक हा मोफत प्रोग्राम वापरला. आकार मुळाचाच ठेवला. कोडेक एच.२६४ घेतला, कारण तो बहुतेक टीव्ही आणि फोनवर चालतो. फ्रेमरेटला 'सेम अॅज सोर्स' आणि 'कॉन्स्टंट' निवडलं. 'फिल्टर्स'मध्ये 'डीइंटरलेस' सुरू केलं. दर्जाचा आकडा २० ठेवला. हा आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं आणि फाईल मोठी. आधी वरात येण्याचा एकच मिनिट बदलून टीव्हीवर पाहिला, कारण हालचाल जास्त असते तिथेच दोष उघडा पडतो. तो नीट चालल्यावरच पूर्ण फाईल केली.

नुसता डबा बदलायचा असेल, म्हणजे एमकेव्हीची एमपी४ करायची असेल आणि आतला कोडेक टीव्हीला चालत असेल, तर चित्र नव्याने बनवायची गरज नसते. आतला माल तसाच दुसऱ्या डब्यात ठेवता येतो. काम लवकर होतं आणि दर्जाही घटत नाही.

आता एक विनंती. नवी फाईल शेवटपर्यंत बघितल्याशिवाय जुनी कॅसेट, डीव्हीडी किंवा मूळ फाईल टाकू नका. बघितल्यावरही टाकू नका. मूळ प्रतीची एक नक्कल घरी आणि एक दुसऱ्या नातेवाइकाकडे ठेवा. दमट हवेत कॅसेटला बुरशी धरते, डीव्हीडीही कायमची नसते, तेव्हा हे काम पुढच्या ईदवर ढकलू नका. आपल्या बुजुर्गांचे आवाज ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे.

पुढच्या जुम्याला आपा पुन्हा आल्या. या वेळी अम्मींचा हात अलगद त्यांच्या डोक्यावर आला आणि दुवा शेवटपर्यंत ऐकू आली. धाकटी म्हणाली, "मामू, नानीचा आवाज अगदी अम्मीसारखा आहे!"